वाळूवरचा तंबू आणि न दिसणारे चावे

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दापोलीजवळ समुद्रकिनारी दोन रात्री तंबूत राहिलो. आम्ही दोघं, सात आणि तीन वर्षांच्या मुली आणि सासूबाई. तंबू भाड्याचा होता, खाडीच्या तोंडाशी सुरूच्या बनात लावलेला. डास फारसे दिसले नाहीत. तंबूला जाळी होती, आम्ही क्रीमही लावलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पायांवर आणि मानेवर लाल पुळ्या उठल्या, खाज दहा दिवस गेली नाही. धाकटीनं खाजवून खाजवून दोन ठिकाणी पू झाला. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या घोट्याजवळची जखम भरायला महिना लागला. आता २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत मुलींना पुन्हा जायचंय, पण ह्यांना तंबू नकोच आहे. कोणतं क्रीम चांगलं? आणि रात्री तंबूत कॉइल लावली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कॉइलचं आधी सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. तंबूत कॉइल लावू नका. चेन बंद केलेल्या तंबूत तिचा धूर साचतो आणि तीन वर्षांच्या मुलीच्या छातीत रात्रभर तोच जातो. तंबूचं नायलॉन किंवा पॉलिस्टर आचेनं वितळतं आणि अंगाला चिकटतं. झोपेत कुणाचा पाय कॉइलला लागला तर पांघरूणही पेटेल. हाच नियम उदबत्ती, धूप, मेणबत्ती आणि गॅसच्या शेगडीला. शेगडीतून वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्यामुळे थंडी वाजली म्हणूनही ती आत आणायची नाही.

आता चाव्यांकडे. तुम्ही लिहिलेल्या खुणा, म्हणजे डास न दिसणं, जाळी असूनही चावे, पाय आणि मानेवर दाट पुळ्या आणि लांबलेली खाज, या डासांपेक्षा खाडीकाठच्या चावऱ्या चिलटांच्या जास्त वाटतात. कोकणात कुणी त्यांना घुंगुरटं म्हणेल, पर्यटक सरसकट सँडफ्लाय म्हणतात. हा कीटक एक ते तीन मिलिमीटरचा, म्हणजे तिन्हीसांजेला हातावर बसला तरी धुळीचा कण वाटावा असा. डास सोंडेनं रक्त ओढतो. चिलटाची मादी कातडी कापते आणि तिथे साचलेलं रक्त पिते. तिच्या लाळेला शरीर जी प्रतिक्रिया देतं ती बऱ्याचदा उशिरा येते, म्हणून रात्री काही जाणवलं नाही आणि सकाळी पाय भरलेले दिसले. सवय नसलेल्या शहरी माणसांना आणि लहान मुलांना ती जास्त येते.

ही चिलटं ओल्या चिखलात वाढतात. खारफुटीखालचा गाळ, खाजणं, भरतीला भिजून ओहोटीला उघडी पडणारी खाडीची कड, गोठ्याजवळची शेणाची ओल, या त्यांच्या जागा. मोकळ्या, कोरड्या, लाटा येणाऱ्या पुळणीत ती सहसा निपजत नाहीत. उडण्यातही ती फार दुबळी असतात. ताशी दहाएक किलोमीटरचा वारा असला की त्यांना उडणंच जमत नाही. म्हणून क्रीमचा प्रश्न मागाहून घेऊ. तुमचा तंबू चुकीच्या जागी लागला होता, आणि जागा चुकली की कुठल्याही क्रीमची ताकद अपुरी पडते.

दापोलीचा किनारा घ्या. कर्दे, मुरूड, लाडघरच्या लांब पुळणींवर समुद्राकडून सरळ वारा येतो. आंजर्ल्याला जोग नदीची खाडी मिळते, दाभोळला वाशिष्ठीची, बाणकोटला सावित्रीची. खाडीच्या तोंडाशी देखावा सुंदर असतो, पाणी शांत असतं, मुलांना खेळायला बरं म्हणून तंबूवाले तीच जागा दाखवतात. तुमच्या दृष्टीनं ती सगळ्यात वाईट. खाडी, खाजण किंवा खारफुटीपासून किमान अर्धा किलोमीटर लांब राहा, जमलं तर एक. नकाशा उपग्रहचित्रात उघडून बघा, किनाऱ्यामागे गडद हिरवी खारफुटी आणि तपकिरी चिखल स्पष्ट दिसतो.

मात्र नुसतं अंतर मोजून भागत नाही, दिशाही बघावी लागते. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो तेच. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, म्हणजे रात्री उशिरा आणि पहाटे तंबूवर येणारी हवा पूर्वेकडून येते. तंबूच्या पूर्वेला खाजण असेल तर तिथली चिलटं मंद वाऱ्याबरोबर थेट तुमच्या अंथरुणाशी पोचतात. पूर्वेला कोरडा माळ, टेकडी किंवा वस्ती असलेली जागा निवडा. दोन वाऱ्यांच्या मध्ये, सूर्यास्तानंतर, खारा वारा पडलेला असतो आणि मतलई सुरू व्हायची असते. हवा थिजते ती याच वेळी, आणि चिलटांचा भर तेव्हाच असतो. दुसरा भर पहाटे उजाडण्याच्या सुमारास.

सुरूचं बन दुपारी सावलीसाठी उत्तम, रात्री झोपायला नाही. झाडं वारा अडवतात, आणि खाली सुरूच्या काड्यांचा जाड थर असतो. तो वाळलेला असला की एका ठिणगीनं भडकतो, म्हणून तिथे शेकोटीचाही विचार नको. नारळ-पोफळीच्या वाडीत वेगळा त्रास. शिंपण्यानं आळी ओली राहतात, करवंट्यांत आणि दोणीत पाणी साचतं आणि त्यात डेंग्यूचा डास वाढतो. तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी चावतो. वाडीतच राहायचं ठरलं तर पोचल्या पोचल्या मालकांना विचारून आसपासच्या करवंट्या आणि बादल्या पालथ्या करा.

मग तंबू कुठे? बनाच्या समुद्राकडच्या कडेला, जिथे वारा लागतो पण भरती पोचत नाही. वाळूवर काड्या, शंख, वाळलेलं शेवाळ यांच्या रेघा दिसतात. त्यांतली सर्वांत वरची रेघ ही अलीकडच्या मोठ्या भरतीची खूण, तिच्यापासून आणखी दहा-पंधरा पावलं वर राहा. त्या कचऱ्यात टुणटुण उड्या मारणारे पांढुरके किडे असतात, ते चावत नाहीत. मुलींना तसं सांगून टाका, नाहीतर त्या उगाच घाबरतील. जागा खासगी असेल तर मालकाची, नाहीतर ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. जानेवारी हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम असतो. वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात मादी रात्री वाळूवर चढते, आणि तंबू किंवा झगझगीत दिवे दिसले तर अंडी न घालताच परत जाते. त्या किनाऱ्यांवर पुळणीत तंबू लावूच नका.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. दिवाळी म्हणजे अमावास्या, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण. उधाणाचं पाणी खाडीच्या एरवी कोरड्या राहणाऱ्या वरच्या चिखलापर्यंत चढतं, आणि खाडीकाठच्या काही जातींच्या चिलटांचा जोर या दोन तिथींच्या आसपास वाढतो. त्यात पावसाळ्याची ओलही मुरलेली होती. म्हणजे तुमच्या सहलीला जागा, तिथी आणि ऋतू असं तिन्ही जुळून आलं. जानेवारीची कोरडी थंड हवा त्या मानानं बरीच बरी. सुट्टी अष्टमीच्या आसपास येत असेल तर तेच दिवस धरा.

भरतीची ढोबळ वेळ काढायची कोळ्यांची रीत अशी, की तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. पण यातून एक गोष्ट लक्षात येते. पौर्णिमेला संध्याकाळी तंबू लावताना ओहोटी असते, पाणी खूप लांब दिसतं, आणि तेच पाणी मध्यरात्री उशाशी येतं.

वाऱ्याच्या जागी तंबू लावायचा म्हणजे तो उडूही शकतो, आणि भाड्याच्या तंबूच्या वीतभर खुंट्या कोरड्या वाळूत अजिबात धरत नाहीत. घरून आठ-दहा कापडी पिशव्या न्या, किराण्याच्या असतात तशा. प्रत्येकीत वाळू भरा, तोंड दोरीनं आवळा, दोरीचं दुसरं टोक तंबूच्या कडीला बांधा आणि पिशवी फूटभर खोल पुरून वरून पायानं दाबा. दार वाऱ्याला आडवं ठेवा. वाऱ्याच्या तोंडावर ठेवलं तर वाळू आत येते, आणि अगदी आडोशाला ठेवलं तर तिथल्या थिजलेल्या हवेतच चिलटं जमतात.

आता जाळी. साध्या मच्छरदाणीला एका इंचात साधारण बारा-तेरा भोकं असतात. डास त्यात अडतो, चिलट आरपार जातं. तुम्हाला एका इंचात किमान पंचवीस भोकं हवीत, जास्त असतील तर उत्तमच. भाड्याचा तंबू ठरवायच्या आधी मालकांकडून जाळीवर पट्टी ठेवून जवळून काढलेला फोटो मागवा आणि मोठा करून मोजा. तंबू हाती आल्यावर आणखी एक तपासणी करा. जाळी ताणून धरा आणि वर चिमूटभर खसखस टाका. खसखस भराभर खाली गळली तर ती जाळी चिलटांसाठी नसल्यासारखीच. अशा तंबूला घरीच उपाय करता येतो. ऑर्गंडी किंवा पातळ व्हॉइलचं कापड दार-खिडक्यांच्या मापापेक्षा चार बोटं मोठं कापा आणि आतून चिकटपट्टीनं किंवा क्लिपांनी चहूबाजूंनी बसवा. फ्रॉकला लावतात ते नेटचं कापड घेऊ नका, त्याची भोकं मोठी असतात. कापडानं हवा कमी येते, म्हणून एकच खिडकी न झाकता समोरासमोरच्या दोन्ही अशाच झाका आणि उघड्या ठेवा, म्हणजे हवा खेळेल. चेनची दोन टोकं जिथे मिळतात तिथे बोट जाईल एवढी फट राहते, तिथे ओला रुमाल कोंबा.

चेन उघडायची शिस्त सगळ्यांना लावावी लागेल. आतला दिवा आधी बंद करायचा, माणूस जाईल एवढंच उघडायचं, लगेच लावायचं. झोपण्यापूर्वी सगळे आत आले की बॅटरीचा झोत छताच्या कोपऱ्यांवर टाका. आत आलेली चिलटं उजेडाकडे आणि वर जातात, ती ओल्या फडक्यानं टिपून घ्या. बाहेरचा दिवा मंद पिवळा ठेवा आणि तंबूपासून दहा पावलं लांब टांगा. चार्जिंगचा छोटा पंखा मिळाला तर जरूर न्या. बाहेर जेवायला बसताना तो पायांच्या पातळीवर लावा, कारण चिलटं जमिनीलगत आणि घोट्यांवर जास्त येतात. या एका पंख्याचा उपयोग पाच कॉइलींपेक्षा जास्त होईल. उघड्यावर वाऱ्यात कॉइलीचा धूर उडून जातो, आणि वारा असेल तर चिलटं तशीही नसतात. मनगटावर बांधायचे वासाचे पट्टे आणि आवाजानं डास पळवणारी यंत्रं यांवर पैसे घालवू नका.

दिवसाचं वेळापत्रक सूर्याप्रमाणे ठेवा. जानेवारीच्या शेवटी तिकडे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. स्वयंपाक सव्वापाचला उरकून सहाला जेवून घ्या. मुलींना आंघोळ, लांब कपडे, क्रीम हे सूर्यास्ताच्या आधीच. साडेसहा ते आठ-साडेआठ मुली आणि सासूबाई तंबूच्या आत किंवा पाण्याच्या कडेला वाऱ्यात फिरत असाव्यात. बनात किंवा खाडीच्या कडेला बसायचं नाही. पहाटे उजाडताना बाहेर पडायचा मोह होतो, पण ऊन वर येईपर्यंत थांबा.

कपडे सैल, फिके आणि पूर्ण बाह्यांचे. घट्ट लेगिंगमधून डास चावतो. पायमोजे पायजम्याच्या वर ओढून घ्या. तुमच्या घरात सर्वांत जास्त काळजी घोट्यांचीच घ्यायला हवी. सासूबाईंना जाड सुती मोजे आणि बंद बूट संध्याकाळभर असू द्या. नऊवारी किंवा पाचवारी असली तरी आतून पायजमा घालता येतो, त्यांना आधी नीट समजावून सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न, क्रीम. ओडोमॉसमध्ये एन, एन-डायइथाइल बेंझामाइड १२ टक्के असतं. डासांवर ते चालतं. चिलटांचा जोर असेल तर २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असलेलं औषध जास्त टिकतं. डीटचं औषध दोन महिन्यांपुढच्या बाळांनाही योग्य प्रमाणात लावता येतं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तरी धाकटीसाठी पाकिटावरची वयाची अट वाचा आणि तिच्या डॉक्टरांना एकदा विचारा. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, वीस मिनिटांनी हे. मुलींच्या तळहातांना लावू नका, बोटं तोंडात आणि डोळ्यांत जातात. चेहऱ्यासाठी आपल्या हातावर घेऊन कपाळ, गाल, कानांच्या मागे पुसटसं लावा. खरचटलेल्या जागी नाही, कपड्यांखाली झाकलेल्या अंगाला नाही. घड्याळाची काच, चष्मा आणि प्लास्टिकच्या वस्तूंना डीट लागू देऊ नका, त्या खराब होतात.

बहुतेकांचं चुकतं ते लावण्यात. दोन ठिपके लावून पाय मळला की झालं असं नसतं. मध्ये राहिलेल्या बोटभर कोरड्या पट्ट्यातच चिलट चावतं. बोटाच्या एका पेरावर मावेल एवढं क्रीम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, त्या हिशोबानं घ्या. घोटा, पोटरीची मागची बाजू, मोज्याची वरची कड, मान आणि कानांची पाळी विसरू नका. समुद्रात डुंबल्यावर किंवा खूप घाम आल्यावर पुन्हा लावावंच लागतं. रात्री झोपताना मुली जाळीत आल्या की ते साबणानं धुऊन टाका. खोबरेल तेलाचा जाड थर थोडा वेळ उपयोगी पडतो, कारण चिलट त्यात चिकटतं. पण तो पुसला गेला की संपलं, आणि त्यावर वाळू बसते. कडुनिंबाचं तेल मिसळलेली बाटली मुलींच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, लहान मुलांच्या पोटात ते गेलं तर विषारी ठरतं.

एवढं करून चावलंच, तर आधी साबण-पाण्यानं धुवा. मग थंड पाण्याची किंवा रुमालात गुंडाळलेल्या बर्फाची पट्टी दहा मिनिटं ठेवा, वर कॅलामाइन लोशन. निघायच्या आदल्या दिवशी मुलींची नखं कापा, धाकटीला रात्री पातळ सुती मोजे हातांत घाला. खाजेच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि औषध सोबत न्या. औषधांच्या दुकानात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूब सहज मिळतात, त्या मुलींना लावू नका. चुना, टूथपेस्टही नको. पुळीभोवतीचा लालपणा पसरत गेला, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला, तर दोन दिवस वाट न बघता डॉक्टरांकडे जा. सासूबाईंच्या पायांची रोज सकाळी उजेडात तुम्ही स्वतः पाहणी करा, मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, अंगभर गांधी उठणं असं झालं तर १०८ ला फोन.

राहता राहिला तुमचा आणि यजमानांचा मतभेद. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. धाकटी तीन वर्षांची आणि सासूबाईंची जखम भरायला महिना लागलेला, अशा कुटुंबानं रात्रीचा पर्याय न ठेवता तंबूवर विसंबून जाऊ नये. किनाऱ्याजवळच्या एखाद्या घरगुती निवासात पंखा असलेली एक खोली आधीच सांगून ठेवा. तंबू दिवसभर वापरा, मुलींना त्यात खेळू द्या, जेवू द्या, दुपारी झोपू द्या. मग सूर्यास्ताच्या जरा आधी, तंबूपासून दूर मोकळ्या वाळूत, एक उदबत्ती पेटवून हातात धरा आणि धुराकडे पाच मिनिटं बघा. धूर आडवा होऊन तुटत असेल तर सगळे तंबूत झोपू शकता. सरळ उभा वर चढत असेल तर वारा पडला आहे. त्या रात्री सासूबाई आणि धाकटी खोलीत, आणि हौस असेल तर मोठी मुलगी बाबांबरोबर बारीक जाळीच्या तंबूत. हा निर्णय उजेड असतानाच घ्या, कारण अंधारात चावे सुरू झाल्यावर रडणाऱ्या मुलीला आणि सामानाला घेऊन वाळूतून जाणं अवघड जातं.

घरी आल्यावर सगळे कपडे आणि पांघरुणं गरम पाण्यात धुवा, तंबू उन्हात उलटा करून झटका. पुढच्या तीन-चार आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना किनाऱ्यावर राहून आल्याचं आणि किडे चावल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी वेळेवर होईल. अंगावर काळी खपली धरलेला, न दुखणारा एखादा व्रण दिसला तर तोही दाखवा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते, आणि त्याचं औषध वेगळं असतं.